टायटन्सची बारा पर्वे

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून मुंबई राज्याला जोडण्यात आले, आणि बेला, जैनद, तामसी या बाजूची मराठी बोलणारी गावे मात्र हैदराबादच्या कारभाराखालीच कायम राहिली. त्यामुळे या पट्ट्यातील माणसाचे सोयरसंबंध पैनगंगेपलीकडे वणी-पांढरकवड्याला, शेताचे कागद तेलुगूत आणि भांडण मराठीत, अशी जी व्यवस्था दोन-तीन पिढ्यांपूर्वी लागली ती आजतागायत बदललेली नाही. कबड्डीच्या बाबतीत ही दुहेरी निष्ठा विशेष अडचणीची ठरते. ज्या खेळाचे नियम प्रथम महाराष्ट्रातच आखले-बांधले गेले आणि ज्याचे प्रात्यक्षिक आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनमध्ये करून दाखविले, त्या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेत पुणे आणि मुंबई यांचे संघ समोर उभे असताना हैदराबादच्या ‘तेलुगू टायटन्स’चा कैवार घेणे हे काही सोयऱ्यांना फितुरीसारखे वाटते. तथापि ज्या राज्याच्या तिजोरीत आपण कर भरतो त्या राज्याच्या संघाचे यशापयशही आपल्याच खात्यावर मांडले जाते, अशी माझी समजूत आहे. आणि त्याच नात्याने या संघाच्या बारा पर्वांचा हा मागोवा घेत आहे.

संघाचा जन्मच मोठ्या संधिकालात झाला. 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि 26 जुलैला मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. आठ संघांपैकी एकाने नाव घेतले ते भाषेचे, आणि घरचे मैदान मानले ते विशाखापट्टणम, म्हणजे नुकत्याच विभक्त झालेल्या भावाच्या वाट्याचे गाव. पुढे संघाचा मुक्काम हैदराबादच्या गच्चीबौलीत आला. पहिल्या वर्षी पाचवा, 2015 साली तिसरा आणि 2016 सालच्या दुसऱ्या स्पर्धेत चौथा, असे जे क्रमांक या संघाने मिळविले त्यांत बिजनोरकडून आलेल्या राहुल चौधरी या चढाईपटूचा वाटा एवढा मोठा होता की, आमच्याकडची पोरे संघाचे नाव न घेता ‘आज राहुलची मॅच आहे’ असेच म्हणत. यशाच्या त्या दिवसांत हे कौतुकाचे वाटले. पुढील दुखण्याचे मूळ त्यातच होते, हे ध्यानात यायला काही वर्षे जावी लागली.

कबड्डीची रचनाच अशी आहे की, तीत एकट्या पुरुषार्थाला एका मर्यादेपलीकडे वाव नाही. चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि त्याच्या साथीदारांनी प्रतिपक्षाचा एखादा गडी टिपल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. ज्या संघाचे सर्व गुण एकाच माणसाच्या पायांत आहेत, त्या संघाविरुद्ध प्रतिपक्षाने एवढेच करायचे असते की, त्या माणसाला एकदा घोट्यात धरून खाली आणावयाचे आणि मग स्वस्थ राहून घड्याळाकडे पाहावयाचे. उरलेले सहा जण निदानरेषा ओलांडून परत येतात, पहिली चढाई रिकामी जाते, दुसरीही रिकामी जाते, तिसरी ‘करा किंवा मरा’ची ठरते, तीस सेकंद संपत येतात, जाणारा नवखा पोरगा नाइलाजाने कोपरारक्षकाच्या अंगावर जातो आणि तिथेच अडकतो, पाच-सात मिनिटांत लोण चढतो. टायटन्सच्या कितीतरी सामन्यांचा उत्तरार्ध मी या क्रमाने घडताना पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर बसलेला नायक गुडघ्यांवर हात ठेवून आत जाण्याची वाट पाहत असे.

2017 साली संघांची संख्या बारा झाली, स्पर्धा लांबली, आणि एकखांबी तंबूची कसोटी लागली. त्या वर्षीचे उद्‌घाटन हैदराबादेत झाले, टायटन्सनी तमिळ थलैवाजना 32-27 असे हरविले, आणि या दमदार आरंभानंतर बाद फेरीचे दार मात्र त्यांना उघडता आले नाही. पुढच्या वर्षी राहुलला 1 कोटी 29 लाख रुपये देऊन राखण्यात आले, फळ तेच. 2019 मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी कोल्हापूर जिल्ह्याचा सिद्धार्थ देसाई 1 कोटी 45 लाखांना आणला गेला. आदल्याच वर्षी यू मुम्बाकडून पदार्पणात दोनशेहून अधिक गुण करणारा हा मराठी मल्ल आपल्या संघात येतो आहे म्हटल्यावर पैनगंगेकाठची आमची दुहेरी निष्ठा पहिल्यांदाच एकेरी झाली. देसाईने आपले काम चोख बजावले, या वर्षीही दोनशेची मजल गाठली. आणि संघ बारांत अकरावा आला. एका खांबाच्या जागी दुसरा खांब उभा करणे याला पुनर्बांधणी म्हणत नाहीत, हा धडा त्या वर्षी पुरेशा स्पष्ट अक्षरांत लिहिला गेला होता, पण तो वाचला कोणी नाही.

त्यानंतरची तीन पर्वे आठवावयाची म्हणजे जुन्या कर्जखताची नक्कल काढण्यासारखे आहे. महामारीमुळे 2020 मध्ये स्पर्धा झाली नाही. 2021-22 ची बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांवाचून झाली. देसाई दुखापतीने लवकरच बाहेर गेला, आणि 22 सामन्यांत एकच विजय पदरी पडला. 2022 मध्ये व्यवस्थापनाने सुरजीत सिंग, परवेश भैंसवाल, रविंदर पहल, विशाल भारद्वाज, मोनू गोयत अशी अनुभवी नावे गोळा केली, विजय दोन. पुढच्या लिलावात पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले, जी रक्कम त्या स्पर्धेच्या इतिहासात तोवर कोणालाच मिळाली नव्हती. पवनने दोनशेहून अधिक गुण केले आणि विजय पुन्हा दोनच. तीन पर्वांत 66 सामने, पाच विजय आणि तिन्ही वेळा तळाचा क्रमांक, अशी ही जमाबंदी आहे.

या ठिकाणी दूरदेशीच्या एका उदाहरणाची आठवण होते. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज नावाच्या संघाने 2011, 2012 आणि 2013 या लागोपाठच्या वर्षांत 106, 107 आणि 111 सामने गमावले, आणि 2017 साली तोच संघ जगज्जेता झाला. त्या काळात तेथील नियम असा होता की, जो संघ तळाला जाईल त्याला पुढील वर्षी नवोदित खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळावा. म्हणून जुने, महागडे खेळाडू मोकळे करून काही वर्षे पराभव पत्करणे हे तेथे धोरण होऊ शकले. त्याची किंमतही होती. 2007 मध्ये वर्षभरात तीस लाखांच्या घरात असलेली प्रेक्षकसंख्या 2012 मध्ये सोळा लाखांवर आली. आमच्या कबड्डीत पराभवाला असे कोणतेच बक्षीस नाही. लिलावात प्रत्येकाची थैली सारखी, आणि ‘न्यू यंग प्लेअर’ या सदराखाली कोवळे खेळाडू लिलावाबाहेर घेण्याची सवलतही सर्वांना सारखीच. म्हणजे येथे तळाला जाऊन काही मिळत नाही. जे मिळवायचे ते स्वतःच्या नजरेने हेरून आणि स्वतःच्या आखाड्यात घडवूनच मिळवावे लागते. टायटन्सनी मात्र दरवर्षी बाजारातून सरकीचे नवे पाकीट आणावे तशी दरवर्षी नवी नावे आणली.

याउलट जे करावयास हवे होते ते पुण्याने करून दाखविले. राहुल चौधरी, नितीन तोमर ही वजनदार नावे 2021-22 मध्ये पुणेरी पलटणकडे असताना तेथील प्रशिक्षक अनुप कुमार यांनी त्यांना बाकावर बसवून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या पोरांना पुढे केले. पंकज मोहिते, आकाश शिंदे, अभिनेश नादराजन, गौरव खत्री ही मंडळीही त्याच मुशीतून आली. दुसऱ्या वर्षी हा संघ उपविजेता झाला आणि तिसऱ्या वर्षी, 1 मार्च 2024 रोजी, हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेता. हा अंतिम सामना झाला तो हैदराबादेत, गच्चीबौलीच्याच सभागृहात, म्हणजे ज्या घरचा धनी त्या वर्षी तळाला गेला होता त्या घरात. अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम चषक उचलत असताना आमच्याकडे मराठी म्हणून आनंद आणि टायटन्सचे म्हणून मत्सर असे दोन्ही विकार एकाच वेळी उत्पन्न झाले. त्यांपैकी दुसरा अधिक उपयोगाचा होता.

प्रेक्षकांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण उपस्थितीचा हिशेब केवळ सभागृहातील खुर्च्या मोजून लागत नाही. पूर्वी ही स्पर्धा काफिल्यासारखी बारा गावे फिरे, प्रत्येक संघाला आपल्या गावी काही दिवस मिळत. 2024 मध्ये ती हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीन ठिकाणी आटोपली, आणि 2025 मध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली अशी गेली, तिच्यात हैदराबादचे नावच नव्हते. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. ऐन कापूस-वेचणीच्या दिवसांत सामना असला तर मजुरीचा एक दिवस आणि गाडीभाडे धरून तिकिटाच्या कितीतरी पट खर्च होतो. म्हणून आमचा प्रेक्षक बसतो तो बस-स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात. समालोचन तेलुगूत चाललेले असते, पकड फसली की शिवी मराठीत निघते, आणि पंचाच्या निर्णयावर गोंडी, उर्दू, लंबाडी अशा सर्व भाषांतून फेरविचाराचे अर्ज दाखल होतात. या माणसाची नोंद कोणत्याही द्वारावर होत नाही. तळाच्या तीन वर्षांतही तो तेथे बसतच होता, हे संघाच्या दफ्तरात कोठे लिहिलेले नाही म्हणून येथे नमूद करतो.

2024 पासून मात्र चित्र पालटू लागले. दिल्लीला यापूर्वी विजेतेपद मिळवून देणारे कृष्णकुमार हुडा प्रशिक्षक म्हणून आले. पवनला 1 कोटी 72 लाख 50 हजारांना राखले खरे, परंतु तो मध्येच जायबंदी झाला, आणि या वेळी, अकरा पर्वांत प्रथमच, मुख्य खांब पडूनही तंबू उभा राहिला. विजय मलिकने चढाईचा भार उचलला आणि संघ बारा सामने जिंकून सातवा आला, बाद फेरीपासून थोडक्याने वंचित राहिला. 2025 मध्ये पवनला जाऊ दिले, मलिककडे नेतृत्व दिले, भरत हुडा आणि बचावात आमचा मराठी शुभम शिंदे अशी माणसे त्याच्या भोवती उभी केली. विशाखापट्टणमच्या उद्‌घाटनात थलैवाजकडून, म्हणजे पवनच्याच नव्या संघाकडून, 35-38 असा पराभव झाला. पण पुढे संघ सावरला, बाद फेरीत पाटण्याला हरवून अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचला, आणि तेथे पुणेरी पलटणकडून 45-50 असा हरला. तिसरा क्रमांक, तब्बल दहा वर्षांनंतर.

या यशाचे श्रेय मी कोणा एका नावाला देणार नाही, कारण ते एका नावाचे नव्हते म्हणूनच ते आले. तरीही ही पुनर्बांधणी अर्धीच झाली आहे, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. राहुल उत्तर प्रदेशचा, सिद्धार्थ कोल्हापूरचा, पवन दिल्लीचा, मलिक आणि भरत हुडा हरियाणाचे. ज्या भाषेचे नाव संघाने धारण केले त्या भाषेच्या मुलखातला पोरगा बारा पर्वांत या संघाचा मुख्य आधार झाला नाही. परप्रांतीयांविषयी तक्रार नाही. दोन राज्यांच्या सरहद्दीवर वाढलेल्या माणसाला ती शोभणारही नाही. तक्रार आहे ती न शोधण्याविषयी. उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेखालील आश्रमशाळांत, बेला-जैनदच्या मैदानांवर फक्कीच्या रेषा आखून, अनवाणी खेळणारी पोरे आहेत. ती मातीवर खेळतात आणि व्यावसायिक स्पर्धा होते गादीवर, म्हणून निवडीच्या दिवशी त्यांचे पाय घसरतात आणि एवढ्यावरून त्यांचा निकाल लागतो.

तेव्हा संघाच्या चालकांना एका जुन्या प्रेक्षकाची अर्जी अशी आहे. एका नामवंत चढाईपटूच्या किमतीत जिल्ह्याजिल्ह्याला गाद्या पुरविता येतील. त्यांतील एक आदिलाबादला पाठवावी, वर्षातून एकदा आपला निवडकर्ता उटनूरला यावा, आणि हंगामापूर्वीचा एखादा सराव-सामना हैदराबादबाहेरच्या जिल्ह्यांतही ठेवावा. आणि वाचकांना सांगणे एवढेच की, दूरदर्शन संचापुढे बसून पकडीतल्या चुका काढणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने यंदा आपल्या तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेला जाऊन बसावे. तेथे तिकीट नाही, आणि खेळणाऱ्या पोरांना प्रेक्षकांची गरज व्यावसायिक खेळाडूंपेक्षा अधिक आहे.