लाडूही गोल, पोळीही गोल!

आमच्या कसबा पेठेतील वाड्याच्या चौकात संध्याकाळी पाच-सहा मुले माझ्याकडे अभ्यासाला येतात. सारी बालवाडी ते दुसरीतली. एकदा मी त्यांना सहज विचारले, "गोल वस्तू सांगा पाहू." भराभर उत्तरे आली : पोळी, लाडू, रुपया, चेंडू! मराठी म्हणून सगळी बरोबर. भूमिती म्हणून मात्र घोटाळा. पोळीचा आकार वर्तुळाचा, लाडवाचा गोलाचा. बोलीत दोघांना शब्द एकच. लहानपणी मीही फळ्यावरच्या वर्तुळाला 'चेंडू' म्हटले होते आणि साऱ्या वर्गाचा हशा ऐकला होता. त्यानंतर कित्येक वर्षे भूमितीचा तास आला की माझी मान खाली जाई. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

सपाट आकृतीला लांबी-रुंदी असते, जाडी नसते. घनाकृती जागा व्यापते, हातात धरता येते. आपण बहुधा आधी फळ्यावर चौकोन, त्रिकोण, वर्तुळ काढतो आणि घनाकृती मागाहून आणतो. मुलाचा अनुभव नेमका उलटा असतो. रांगते मूल आधी वाटी, चेंडू, डबा पकडते. रेघ त्याला फार उशिरा भेटते. तेव्हा शिकविण्याचा क्रमही वस्तूकडून रेघेकडे असावा.

मी असे करून पाहिले. प्रथम पाट तिरपा ठेवून त्यावर वस्तू सोडल्या. चेंडू कसाही ठेवला तरी गडगडतो. पावडरीचा डबा आडवा गडगडतो, उभा ठेवला की घसरतो. काडेपेटी नुसती घसरते. वक्र आणि सपाट पृष्ठभागांतला फरक मुलांनी न सांगता ओळखला. मग काडेपेटी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिच्या कडा गिरवल्या. तीन बाजूंनी तीन निरनिराळे आयत मिळाले. फाशाचे मात्र सगळीकडून सारखेच चौरस. बोट फिरवून मोजले : पृष्ठे 6, कडा 12, कोपरे 8. डब्याच्या तळाने वर्तुळ दिले. लाडू गिरवू गेलो, तर तो मेला कागदाला एकाच ठिकाणी टेकतो! त्याला सपाट बाजूच नाही, हे मुलांना तिथे कळले. नावे मी शेवटी सांगितली : घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, गोल.

ही युक्ती माझी नव्हे. 1837 साली जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे बालशाळा काढणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हाती लाकडी गोल, घन आणि त्या दोघांचेही गुण असलेली वृत्तचिती दिली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. साधने विकतच आणावी लागतात असे नाही.

आमच्या पेठेला तर तोटाच नाही. कुंभाराचे मडके, बुरुडाची टोपली आणि तांबट आळीतली भांडी! माझे वडील तिथेच तांब्याचे काम करतात. शाळा चौथीत सुटली. एका रविवारी मुलांना तिथे नेले. वडिलांनी आयताकृती पत्रा वाकवून कडा जुळवल्या आणि खाली गोल तळ धरला. सपाट पत्र्याचा डबा मुलांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. "तळ सात इंच रुंद, तर पत्रा बावीस इंच लांब, जोडाला थोडा वर," ते सहज म्हणाले. ज्या गुणोत्तराने मला शाळेत रडवले, ते त्यांच्या बोटांत होते.

मी तसे म्हटले, तर ते हसले. "मला कुठली भूमिती येते! ती तुमच्या पुस्तकातली."

घरी परतताना एका चिमुरडीने विचारले, "ताई, काकांना वृत्तचिती माहीत आहे?" मी म्हटले, "त्यांना फक्त नाव माहीत नव्हते." दुसऱ्या दिवशी मी ते नाव वडिलांना सांगितले.