दुसऱ्या कोकराचा हिशेब

“शंभरात दोन-चार,” असं ती म्हणाली तेव्हा तिचे दोन्ही हात मेंढीच्या कासेवर होते. जुळी किती होतात, एवढंच मी विचारलं होतं. मेंढी पहाटे व्याली होती आणि तिच्या पुढ्यात दोन कोकरं होती. पहिलं धडपडत उभं राहून सडाला लागलं होतं. दुसरं ओलं, बारीक, मान टाकून घोंगडीवर पडलेलं. बाईने त्याच्या तोंडात बोट घातलं, आतून गार लागलं तशी त्याला उचलून पदराखाली छातीशी धरलं.

कर्जत–खोपोली मार्गावरच्या केळवलीजवळची ही भाताची खाचरं. दिवाळी सरली, भात कापून झालं की बोरघाट उतरून धनगरांचे वाडे या भागात येतात. इथला पावसाळी चिखल आणि संततधार दख्खनी मेंढीला सोसत नाही, म्हणून मृगाच्या आधी ते पुन्हा घाटावर चढतात. घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना ज्या धनगराने वाट दाखवली आणि ज्याला त्यापायी जीव गमवावा लागला त्याचं ते ठाणं, असं इकडे सगळे सांगतात. रेल्वे आणि रस्ता त्या वाटेने गेले. मेंढरं आजही त्याच घाटाने येतात.

लोकलच्या खिडकीतून दर हिवाळ्यात हे वाडे दिसायचे. घोड्यावर संसार, पुढे मेंढरं आणि मागे काखेत कोकरू घेऊन चालणारी एखादी बाई. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं मी मेंढ्यांच्या जुळ्या-तिळ्यांचंच एक उदाहरण फळ्यावर सोडवत आले होते, आणि ज्यांच्या जनावरांबद्दल ते उदाहरण आहे ती माणसं दर वर्षी माझ्या घरापासून दोन-तीन स्टेशनांवर मुक्कामाला असतात. म्हणून गेले.

वाड्यावरचं रोजचं काम सांगायला फार वेळ लागत नाही. सकाळी कोकरं पाजायची, मग मेंढरं चरायला काढायची, कुणाच्या वालात तोंड घालू नये म्हणून दिवसभर राखायची आणि संध्याकाळी ठरलेल्या खाचरात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून बसवायची. रात्रभरच्या लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा रोख पैसे धनगराला. मागे राहतो तो वास. ओली लोकर, लेंड्या आणि व्यालेल्या मेंढीच्या अंगचं पाणी यांचा एक दाट, उबदार वास. घरी येऊन अंघोळ केली तरी केसांत राहतो. मेंढी आपलं पिल्लू ओळखते ते या वासावरच. दुसऱ्या कोकराला ती लाथ मारू लागली तेव्हा बाईने पहिल्याच्या अंगावरचा ओलावा हाताने निपटून त्याला चोळला आणि पुन्हा पुढ्यात ठेवलं. मेंढीने हुंगलं. मग उभी राहिली.

“मावशी, हिची आई पण अशीच होती का?”

“व्हय. पैल्या येताला दोन, मग येक, मग पुन्यांदा दोन. तिच्या आईला मातुर येकेकच. पर तिची भैन जुळीच द्यायची.”

तीन पिढ्या तिने अशा बोटांवर सांगितल्या. कुठेही लिहिलेलं काही नाही. मी वहीत वंशावळ मांडत गेले आणि बापाच्या रकान्याशी अडले.

“नर चार हायेत ताई. कुनाचं काय, कसं सांगायचं?”

जनुक शोधण्याच्या शास्त्राला नेमकी हीच वही लागते: कोणती मेंढी कुणाची, आणि तिच्यात मोजता येणारा गुण किती उतरला. वजन, दूध, लोकरीची जाडी, एका वेताची कोकरं, जे आकड्यात धरता येतं ते सगळं यात बसतं. बहुतेक गुणांमागे पुष्कळ जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा इवलासा. मेंढीच्या जुळ्यांबद्दलही बराच काळ हाच समज होता. तो मोडला ऑस्ट्रेलियात.

न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या कुरणावर सिअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वाढवत होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली काही जनावरं सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे आली. तिथे हेलन न्यूटन टर्नर होत्या. त्यांची पदवी वास्तुकलेची, पण पुढे आयुष्य गेलं मेंढ्यांच्या संख्याशास्त्रात. या कळपाचे आकडे नेहमीच्या हिशेबात बसेनात. १९८०च्या सुमारास त्याच संस्थेतल्या पायपर आणि बिंडन यांनी मांडलं की हे पुष्कळ जनुकांचं काम नव्हे, इथे एकच मोठं जनुक आहे. न्यूझीलंडच्या जॉर्ज डेव्हिस यांनी दुर्बिणीने मेंढीच्या बीजकोशात डोकावून एका माजाला किती बीजं सुटली ते मोजलं. एक-दोन सुटणाऱ्या, तीन-चार सुटणाऱ्या, पाच आणि त्याहून जास्त सुटणाऱ्या असे तीन गट पडले. जनुकाची एकही प्रत नाही, एक प्रत, दोन प्रती. फळ्यावरचं माझं उदाहरण हेच. जनुक डोळ्यांना दिसलेलं नव्हतं, रसायनात सापडलेलं नव्हतं, पण मोजणीत उभं राहिलं होतं.

ते आहे हे कळलं, पण कुठे आहे? त्यासाठी गुणसूत्रावर ठिकठिकाणच्या खुणा हाताशी धरतात. केळवली आणि डोळवली ही स्टेशनं आपल्याला ठाऊक असतील आणि एक घर त्यांच्यामध्ये असेल, तर त्या घरचा माणूस या दोनांपैकी एका स्टेशनावरच वारंवार भेटेल. तसंच, जी खूण जनुकाच्या जवळ असते ती बापाकडून लेकीकडे जनुकाबरोबरच जाते. लांबची असते ती वाटेत सुटते. एका नराच्या पुष्कळ लेकी घ्यायच्या, प्रत्येकीची बीजं मोजायची, प्रत्येकीकडे कोणती खूण आली ते पाहायचं आणि दोहोंची संगत किती ते काढायचं. १९८९मध्ये लँडर आणि बॉटस्टाइन यांनी दोन खुणांमधल्या प्रत्येक जागेवर असा हिशेब मांडण्याची रीत दिली. १९९२मध्ये एडिंबराच्या हेली आणि नॉट यांनी दाखवलं की साध्या समाश्रयणानेही (रिग्रेशननेही) जवळजवळ तेच उत्तर मिळतं. त्याने मोठ्या संगणकाची गरज सरली, आणि लहान प्रयोगशाळांच्या दृष्टीने मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

संगत योगायोगाची नाही हे कशावरून? न्यूटन मॉर्टन यांनी १९५५मध्ये माणसांच्या कुळांसाठी एक कसोटी घातली: जोडणी आहे असं धरलं तर हाती आलेले आकडे मिळण्याची शक्यता, जोडणी नाही असं धरल्यापेक्षा हजारपट असली पाहिजे. पुढे १९९४मध्ये चर्चिल आणि डॉर्ज यांनी आणखी सरळ वाट काढली. मेंढ्यांचे गुण आपसांत विस्कटून टाका, पुन्हा हिशेब करा, असं हजारदा करा. विस्कटलेल्या आकड्यांतूनही तेवढीच मोठी संगत वरचेवर निघत असेल तर तुमच्या हाती काही नाही. हजार हा आकडा पुन्हा पुन्हा येतो तो शास्त्रज्ञांना हौस आहे म्हणून नव्हे. पन्नास-साठ जनावरांवर मांडलेल्या हिशेबात जनुकाचा प्रभाव हमखास फुगलेला दिसतो, आणि त्या भरवशावर कळप बदललेला माणूस बुडतो.

बुरूलाचं जनुक या कसोट्यांतून गेलं. १९९४मध्ये ते मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर असल्याचं ठरलं. २००१मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी त्याचा नेमका बदल सांगितला: बीएमपीआर-१बी या जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरं, आणि त्यामुळे प्रथिनातल्या २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. बीजपुटकं लहान असतानाच पिकतात, म्हणून एका माजाला जास्त बीजं सुटतात. आणि हा बदल मुळात ऑस्ट्रेलियाचा नव्हेच. १७९२-९३च्या सुमारास कोलकात्याहून बंगालच्या मेंढ्या तिकडे नेल्या होत्या. सुंदरबनातल्या गरोल मेंढीत तोच बदल असल्याचं २००२मध्ये प्रसिद्ध झालं. दलदलीत उभी राहून चरणारी, जेमतेम दहा-पंधरा किलोंची ही मेंढी.

फलटणच्या लोकांनी त्याच्या आधीच तिच्यावर डोळा ठेवला होता. बनबिहारी निंबकर यांनी १९६८मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात गरोल मेंढ्या फलटणला आणल्या. इरावती कर्वे यांच्या नात चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातलं आर्मिडेलचं विद्यापीठ सोबत होतं. अडचण सरळ होती. गरोलचं जनुक हवं, तिचं लहान अंग नको. म्हणून संकर करायचा, पिल्लांचं रक्त तपासायचं, ज्यांत जनुक आहे तेवढीच ठेवायची आणि पुन्हा दख्खनीला लावायची, पिढ्यान् पिढ्या. रक्ताच्या तपासणीत जनुकाचा तुकडा वाढवून एका विकराने कापतात. १९० अक्षरांचा तुकडा तसाच राहिला तर बदल नाही, १६०चा झाला तर दोन्ही प्रतींत आहे, दोन्ही पट्ट्या दिसल्या तर एकीत. नर कोकराला कधी जुळं होणार नाही, तरी तो जुळ्यांचा वारसा देणार की नाही हे असं लहानपणीच कळतं. पुढे बन्नूर आणि आवासी या जातींचंही रक्त घालून जी मेंढी घडली ती ‘नारी सुवर्णा’. एक प्रत असलेल्या मेंढ्यांना वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात.

शंभर वेतांना दीडशे कोकरं. आणि इथे, शंभराला एकशे दोन ते चार.

हा फरक मी बाईला सांगितला. ती लगेच खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “दूद कुटनं आनायचं?” मग तिने काठीने वाघरेच्या कडेला दाखवलं. तिथे डालग्याखाली पाच-सात कोकरं होती आणि त्यांच्यासाठी दोन शेळ्या बांधलेल्या. आईचं दूध कमी पडलं की शेळीला लावायचं. मुक्काम हलला की एवढी सगळी उचलून न्यायची. “येक काकंत घेती. दुसरं कुनी घ्यायचं?”

तिचा प्रश्न संख्याशास्त्राचाच आहे, आणि मला तो सगळ्या शोधनिबंधांहून नेमका वाटतो. जनुक शोधताना आपण कोणता गुण मोजतो? सुटलेली बीजं मोजणं सोपं, जन्मलेली कोकरं मोजणं त्याहून सोपं. धनगराच्या हाती पैसा येतो तो जगलेल्या कोकराचा. फलटणच्या कामाबद्दल मला आदर आहे तो इथे. त्यांनी मेंढ्या केवळ संस्थेच्या गोठ्यात ठेवल्या नाहीत, धनगरांच्या कळपांतही दिल्या, आणि जन्माच्या आकड्यावर न थांबता तीन महिन्यांनी दूध तुटेपर्यंत किती टिकली तेही नोंदवलं. प्रत एक असलेली बरी, दोन नकोत, हा विचारही त्यातलाच. तिळी-चौळी झाली तर दख्खनी मेंढीच्या कासेला ती पेलत नाहीत. खुराक देऊ शकणाऱ्या घरी हे जनुक नफ्याचं आहे, यात मला शंका नाही. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाड्यावर ते आंधळेपणाने सोडू नये, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

शास्त्र आता पुढे गेलं आहे. २००१मध्ये म्यूविसन, हेज आणि गोडार्ड यांनी सुचवलं की एकेक जनुक हुडकत बसण्यापेक्षा हजारो खुणांना एकदम वजन द्या आणि जनावराची किंमत थेट काढा. दुधाच्या गायींची पैदास त्याने बदलली. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचं लोकार्पण झालं. पण खुणांना वजन देण्यासाठी आधी हजारो जनावरांचे मोजलेले गुण लागतात. गायीचं दूध रोज डेअरीत मोजलं जातं. फिरत्या मेंढीचं कुणीच काही मोजत नाही. तिची वंशावळ एका बाईच्या डोक्यात आहे, तीही अर्धी, आणि ती बाई साठीला आली आहे. लेक पनवेलला कंपनीत, सून वाड्यावर यायला तयार नाही.

दुसरं कोकरू चौथ्या दिवशीही होतं. शेळीला लावलं होतं. त्याच्या अंगाला आता आईचा वास नव्हता, शेळीचा होता.

मुंबई आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. दिवाळीपासून मे अखेरीपर्यंत हे वाडे कर्जत-खालापुरात असतात, मुंबईहून लोकलने पोहोचता येतं. मेंढ्यांच्या कानाला बिल्ले मारा. चारही नरांचं रक्त घ्या, म्हणजे बापाचा कोरा रकाना भरेल. आईकडची वंशावळ बाईकडून उतरवून घ्या आणि तिला त्या कामाचे पैसे द्या. जन्माच्या रकान्याशेजारी तीन महिन्यांचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.