यष्ट्यांमागची एकच जागा : अमरावतीच्या जितेश शर्माची कारकीर्द

क्रिकेटच्या संघात यष्टिरक्षकाची जागा एकच असते, आणि एवढ्या एका कारणाने त्याच्या कारकिर्दीचा आलेख इतर खेळाडूंपेक्षा वेगळा निघतो. राज्याच्या संघात पाच-सहा फलंदाज आणि चार-पाच गोलंदाज एकाच वेळी खेळत असल्याने त्यांपैकी एखादा अपयशी ठरला किंवा जखमी झाला, की नव्या मुलाला संधी मिळते. मात्र पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक जोवर तंदुरुस्त आणि भरवशाचा आहे, तोवर दुसरा यष्टिरक्षक कितीही गुणी असला तरी राखीव खेळाडूंतच राहतो. अमरावतीत २२ ऑक्टोबर १९९३ रोजी जन्मलेल्या जितेश शर्माची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, कारण विदर्भाकडून पहिला सामना खेळल्यापासून भारताचा पोशाख अंगावर चढेपर्यंत त्याला जवळजवळ दहा वर्षे लागली आणि त्यानंतरही ती एक जागा कायमची त्याची झाली नाही.

यष्टिरक्षकाचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात हातमोजे आणि बाहेरून पॅड घालण्याची मुभा केवळ त्यालाच असते, आणि यष्टिचीत करण्याचा, म्हणजे फलंदाज धाव न घेता क्रीजबाहेर गेला असता यष्ट्यांवरील बेल्स उडवून त्याला बाद करण्याचा अधिकारही नियमाने केवळ त्याचाच आहे. वेगवान गोलंदाजाला तो यष्ट्यांपासून बराच मागे उभा राहतो, तर फिरकीला यष्ट्यांना खेटून बसतो. या दुसऱ्या प्रकारात बॅटची कड घेतलेला चेंडू हातात येईपर्यंत विचाराला अवधीच मिळत नाही, म्हणून चेंडू टप्पा घेऊन उठेपर्यंत खाली बसून राहण्याची आणि त्याच्याबरोबरच वर येण्याची सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी बाणवावी लागते. शिवाय चेंडूची रेषा सर्वांत जवळून त्यालाच दिसत असल्याने पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावी की नाही, हे ठरवताना कर्णधार पहिल्यांदा त्याच्याकडे पाहतो.

बेसबॉल या खेळात कॅचर नावाचा खेळाडू याच जातीचे काम करतो. चेंडूफेक करणारा पिचर १८.४४ मीटर अंतरावरून चेंडू टाकतो आणि तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर कवच व पायांवर पॅड चढवलेला कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो. मात्र पुढचा चेंडू कोणता टाकावा हे सुचवण्याचा त्याचा अधिकार क्रिकेटच्या यष्टिरक्षकाला सहसा नसतो. मेक्सिकोतील तिहुआना शहरात जन्मलेला अलेहांद्रो कर्क हा आजच्या नामवंत कॅचरपैकी एक असून त्याने २०२० मध्ये कॅनडातील टोरांटो संघाकडून पदार्पण केले आणि २०२२ मध्ये अमेरिकन लीगच्या ऑल-स्टार संघात, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या संघात, स्थान मिळवले. त्या वर्षी टोरांटोकडे तीन चांगले कॅचर होते, आणि जागा एकच असल्याने वर्ष संपता संपता त्यांपैकी गॅब्रिएल मोरेनो याला अदलाबदलीत ॲरिझोनाच्या संघाकडे पाठवण्यात आले. भारतातील राज्यसंघांमध्ये अशी अदलाबदल होत नाही. येथे खेळाडू एक तर वाट पाहतो, नाहीतर ना हरकत प्रमाणपत्र घेऊन स्वतःच दुसऱ्या राज्याकडे जातो. जितेशने आपल्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी केल्या.

विदर्भाच्या वरिष्ठ संघात तो २०१४ मध्ये मर्यादित षटकांच्या सामन्यांतून आला आणि पुढच्या वर्षी रणजी करंडकात, म्हणजे चार-पाच दिवसांच्या प्रथम श्रेणी सामन्यांत, त्याने पदार्पण केले. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत, जी राज्यसंघांची वीस षटकांची स्पर्धा आहे, सलामीला येऊन त्याने ३४३ धावा केल्या, आणि त्या बळावर मुंबई इंडियन्सने २०१६ च्या आयपीएलसाठी त्याला १० लाख रुपयांत घेतले. परंतु त्या संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दरम्यान विदर्भाच्या रणजी संघात अक्षय वाडकर या यष्टिरक्षकाने २०१७-१८ च्या हंगामात पाय रोवले. विदर्भाने पहिल्यांदाच करंडक जिंकला तो याच हंगामात, आणि इंदूरला दिल्लीविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात वाडकरने १३३ धावा केल्या. पुढे २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक मिळवला तेव्हा तोच कर्णधार होता. अशा खेळाडूला बाजूला सारणे कोणत्याही निवड समितीला शक्य नव्हते, त्यामुळे जितेशच्या नावावर प्रथम श्रेणीचे मोजकेच सामने लागले. 

या कोंडीतून जितेशने काढलेली वाट त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची बाब ठरते. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये बहुतेक यष्टिरक्षक सलामीला किंवा तिसऱ्या क्रमांकावर खेळत असल्याने तेथे झुंबड असते. याउलट पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून फटके मारणारे आणि हातमोजेही सांभाळणारे खेळाडू फार थोडे असतात. जितेशने सलामीचा मोह सोडून ही दुर्मीळ भूमिका पत्करली. पंजाब किंग्जने २०२२ साठी त्याला २० लाख रुपयांत घेतले आणि ३ एप्रिल २०२२ रोजी चेन्नई सुपर किंग्जविरुद्ध, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने आयपीएलमध्ये पदार्पण केले. त्या हंगामात त्याच्या धावा २३४ च होत्या, पण दर १०० चेंडूंमागे १६३ धावा अशी त्यांची गती होती, आणि खालच्या क्रमांकावरील फलंदाजाची किंमत एकूण धावांपेक्षा या गतीवरूनच ठरते. पुढील हंगामात ३०९ धावा केल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळविरुद्ध तो भारताकडून प्रथमच खेळला आणि सुवर्णपदक विजेत्या संघाचा भाग झाला.

रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याच्यासाठी ११ कोटी रुपये मोजले, तेव्हा ही रक्कम अनेकांना अवाच्या सवा वाटली होती. त्या शंकेचे उत्तर २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्धच्या सामन्यात मिळाले. नियमित कर्णधार रजत पाटीदारऐवजी नेतृत्वाची धुरा त्या दिवशी जितेशकडे होती, समोर २२८ धावांचे लक्ष्य होते आणि चौथा गडी बाद झाला तेव्हा धावफलकावर १२३ धावाच लागल्या होत्या. तेथून मयंक अगरवालच्या साथीने त्याने १०७ धावांची अभेद्य भागीदारी करत ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावल्या. अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असताना लखनौच्या दिग्वेश राठीच्या चेंडूवर तो झेलबाद झाला होता, परंतु तो चेंडू नोबॉल ठरल्याने वाचला, आणि मिळालेल्या जीवदानाचे त्याने चीज केले. सामना आठ चेंडू राखून जिंकल्याने बंगळुरूला गुणतालिकेत पहिल्या दोन संघांत जागा मिळाली. त्यानंतर ३ जूनला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याने १० चेंडूंत काढलेल्या २४ धावांचे मोल पंजाबवरील विजय अवघ्या ६ धावांचा होता, यावरून कळते. बंगळुरूचे ते पहिले आयपीएल विजेतेपद होते.

तरीही एका जागेचे गणित सुटले नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्याने विदर्भ सोडून बडोद्याची वाट धरली. एका कसोटीत यष्टिचीतांचा विश्वविक्रम करणाऱ्या किरण मोरे यांचा हा संघ. भारताच्या वीस षटकांच्या संघात २०२५ मध्ये त्याला पुन्हा स्थान मिळाले, पण डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विश्वचषकाच्या संघात निवड समितीने संजू सॅमसन आणि ईशान किशन हे वरच्या क्रमांकावर खेळणारे यष्टिरक्षक घेतले आणि जितेशचे नाव वगळले. ज्या वेगळ्या भूमिकेने त्याला भारतीय संघापर्यंत आणले, तीच भूमिका संघाची रचना बदलताच अडचणीची ठरली.

अकोल्याच्या जठारपेठेपासून अमरावतीच्या राजापेठेपर्यंत आज हातात ग्लोव्हज चढवणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना या कारकिर्दीतून घेण्यासारखी गोष्ट स्पष्ट आहे. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून सलामीला खेळतो. त्याच्यासारख्या फलंदाजाला संघात एकाहून अधिक जागा खुल्या असतात, यष्टिरक्षकाला त्या नसतात. त्यामुळे यष्टिरक्षण शिकवणाऱ्याने मुलाला झेल आणि यष्टिचीत यांच्याबरोबरच स्वतःच्या फलंदाजीची नेमकी जागा शोधायलाही शिकवले पाहिजे, आणि वयाची पंचविशी उलटूनही संधी आली नाही म्हणून कोणी त्याला मोडीत काढू नये.