वसमतची वाढ : पाणी आणि हळद

वसमत हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. निजामाच्या राजवटीत ते हैद्राबाद संस्थानात होते. 1956 साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आले. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याचा समावेश परभणी जिल्ह्यात होता. पूर्णा-हिंगोली लोहमार्गामुळे येथील माल बाहेर जाऊ लागला खरा. पण मालच मुळी पावसावर अवलंबून. जोंधळा आणि कापूस, एवढाच काय तो पेठेचा पसारा.

गावाचे रूप पालटले ते पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे. कालव्याचे पाणी काळ्या रानात पोहोचताच ऊस आला, उसापाठोपाठ पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे हळदीने तर वसमतचे नाव दूरवर नेले. 2024 साली 'वसमत हळद' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले.

मात्र ज्या पाण्याने गाव वाढले तेच पाणी निष्काळजीपणाने दिल्यास हळदीचा घात करते. भारी जमिनीत पाणी साचले की कंदकूज शिरते, आणि आठ-नऊ महिन्यांची मेहनत मातीत जाते. म्हणून येथे गादीवाफ्यावर लागवड करून निचऱ्याचे चर आधी काढणे इष्ट. कालवा आला म्हणून पाळी द्यायचीच, ही सवय उसाची. हळदीला ती मानवत नाही.

पेठेतील भाव तर शिजवणीवर ठरतो. काढणीनंतर जेठे गड्डे व हळकुंडे वेगळी करावीत आणि चार दिवसांच्या आत शिजवावीत. हळकुंडात काडी सहज शिरली की शिजवण पुरी झाली असे समजावे. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ राहते, जास्त शिजलेल्याचा रंग जातो. वाळवण उघड्या मातीवर न करता ताडपत्रीवर किंवा फरशीवर करावी. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण एक क्विंटल उरते. त्या एका क्विंटलात माती व ओल मिसळली, तर व्यापारी संपूर्ण ढिगाला उतरता भाव लावतो. वसमतच्या मोंढ्यात ढिगावर हळकुंड मोडून आतला रंग पाहूनच बोली सुरू होते.