रोजची मात्रा

1964 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल आणि व्यसनमुक्त करून घरी धाडलेले रोगी पुन्हा पुन्हा परतताना पाहिलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या मोजक्या माणसांना दाखल करून घेतले, तेव्हा अशा माणसाला अफूवर्गातील औषध नित्य देत राहणे हा त्या देशात वैद्यकधर्म नव्हे, तर फौजदारीस पात्र ठरू शकणारा उद्योग समजला जात असे. प्रथम त्यांना मॉर्फिन देण्यात आले. परंतु पुढच्या सुईची वाट पाहत दूरचित्रवाणीसमोर बसून राहण्यापलीकडे त्यांचा दिवस काही सरकेना. पुढे मेथाडोन हे जर्मनीत शोधलेले संयुग पोटात देण्यास आरंभ झाला आणि थोड्याच काळात त्यांतला एक चित्रे रंगवू लागला, तर दुसरा अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागला. उपदेश तोच, खोली तीच. बदलले होते ते औषध.

हेरॉइन, ज्याचे अशुद्ध रूप आपल्याकडे गर्द म्हणून विकले जाते, ते काही तासांत ओसरते आणि मग हाडे ठणकणे, नाकाडोळ्यांतून पाणी गळणे, जुलाब, निद्रानाश अशी जी दैना उडते, तिला मुंबईचे गर्दुल्ले टर्की म्हणतात. मेथाडोनचा प्रभाव दिवसभर टिकत असल्याने योग्य मात्रेत ना तार चढते, ना टर्की येते. एक नशा सोडवून दुसरी लावली, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. त्यावर डोल मधुमेही रुग्णाच्या इन्सुलिनकडे बोट दाखवीत. तो दृष्टांत सर्वस्वी चपखल नसेलही, परंतु आक्षेपकांनी एक धोका अवश्य ध्यानी घ्यावा: कोठडीत वा केंद्रात कोंडून काही आठवडे नशेपासून तोडलेल्या माणसाची सहनशक्ती घटते, आणि सुटला म्हणून घरात पेढे वाटले जात असताना त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून तो दगावू शकतो.

व्यसनी माणसाला औषध नित्य देत राहण्याची ही कल्पना आपल्या देशाला अगदीच परकी नाही. 1949 साली अफूच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेत अफूसेवन दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले, तरी त्यानंतरही नोंद झालेल्या जुन्या अफूबाजांना वैद्यकीय दाखल्यावर ठराविक अफू मिळण्याची सोय सरकारने ठेवलीच होती. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा मार्ग औषध चालू ठेवण्याचा नसला, तरी गर्दुल्ल्याला गुन्हेगार न मानता रोगी मानण्याची दृष्टी तेथे होती. आज सुयांवाटे पसरणाऱ्या एड्सला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिन या मेथाडोनसारख्याच कामाच्या औषधाची गोळी जिभेखाली, कर्मचाऱ्याच्या देखत, विनामूल्य दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घातली.

रोजच्या हजेरीची अट मात्र हातावर पोट असलेल्याला महाग पडते, कारण केंद्र उघडण्याची वेळ आणि नाक्यावर मजूर उचलले जाण्याची वेळ पुष्कळदा एकच असते. 2020 च्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची जी मुभा मिळाली, ती संकटापुरती मेहेरबानी न समजता स्थिरावलेल्या रोग्याचा हक्क समजली जावी, असे माझे मत आहे. गोळ्या काळ्या बाजारात फुटण्याची अंमलदारांची भीती खोटी नव्हे, परंतु रांगेला कंटाळून उपचार सोडणारा मजूर त्याच बाजारात गिऱ्हाईक म्हणून परततो, ही नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.