थंडीच्या सकाळसाठी किती तापमान धरायचं?

संभाजीनगरात सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो उन्हाळ्याचा. मे महिन्यात पॅनेल तापतात, वीज कमी मिळते, मग काय करायचं? थंडीबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज आपण तिच्याकडेच वळू. उन्हाळ्यात चूक झाली तर थोडी वीज जाते. थंडीत चूक झाली तर इन्व्हर्टर जाऊ शकतो, आणि मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज दिलं म्हणून वॉरंटीही नाकारली जाते.

सेल जितका थंड, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. डेटाशीटवरचा ओपन सर्किट व्होल्टेजचा आकडा २५ अंशांचा असतो. समजा तो ५० व्होल्ट आहे आणि दर अंशाला ०.२८ टक्क्याने बदलतो. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १००० व्होल्ट. घाईघाईने भागाकार करणारा म्हणेल, वीस पॅनेल अगदी बरोब्बर बसतात. ती २५ अंशांना बसतात! पहाटे ५ अंश असतील तर एका पॅनेलचे ५२.८ व्होल्ट होतात, विसांचे १०५६.

मग आपल्याकडे कोणतं तापमान धरायचं? इथेच बहुतेकांची गल्लत होते. डिसेंबरचं सरासरी किमान तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास असतं, म्हणून १० धरून मोकळे होतात. पण सरासरी म्हणजे निम्म्या पहाटा त्याहून गार. आपल्याला हवी ती वर्षातली सगळ्यात थंड पहाट. अमेरिकेत अ‍ॅशरेच्या तक्त्यांतून दरवर्षीच्या नीचांकांची सरासरी घेतात. चिकलठाण्याच्या वेधशाळेच्या नोंदींवरून तोच हिशेब आपल्यालाही मांडता येतो. दुसरं टोक म्हणजे आजवरचा नीचांक. तो आहे फेब्रुवारी १९११ मधला, सुमारे २ अंश.

आता हे आकडे घालून बघा. १० अंश धरले तर एका पॅनेलचे ५२.१ व्होल्ट, म्हणजे एकोणीस पॅनेल ९९० व्होल्टवर बसतात. ५ धरले तर तीच एकोणीस १००३ वर जातात, म्हणून अठरा घ्यायची. आणि २ धरले तर? अठराच, ९५८ व्होल्टवर. अगदी शून्य धरलं तरी अठराच. म्हणजे या उदाहरणात १९११ ची थंडी आपल्याला फुकटात मिळते. आमचं मत असं, की आधी ५ किंवा त्याखालचा आकडा घालून बघा, आणि नीचांकाने पॅनेलची संख्या बदलत नसेल तर वाद घालूच नका.

एक आक्षेप नेहमी येतो. पहाटे थंडी असते तेव्हा ऊन कुठे असतं? आक्षेप चुकीचा नाही. उजेड एक-पंचमांश असला तर व्होल्टेज साधारण पाच-सहा टक्क्यांनी कमी असतं, आणि कडक ऊन पडेपर्यंत पॅनेल हवेपेक्षा बरंच तापलेलं असतं. म्हणून किमान तापमान धरल्यावर त्यावर आणखी ‘सेफ्टी’ चढवायची गरज नाही. पण सकाळी आठला लाइट गेली की इन्व्हर्टर करंट घेणं थांबवतो आणि स्ट्रिंग थेट ओपन सर्किट व्होल्टेजवर जाते. लाइट जाणं आपल्याकडे दुर्मिळ नाही, हे वेगळं सांगायला नको.

जागेचाही विचार करा. वेधशाळेचा आकडा वेधशाळेचा असतो. शहराबाहेरच्या सखल, मोकळ्या शेतात पहाट त्याहून गार असते. काम निफाडकडचं असेल तर इथला आकडा वापरूच नका. तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कित्येकदा ५ अंशांच्या खाली जातो.

घरावर सहा पॅनेल आणि ६०० व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर निश्चिंत राहा, कडाक्याच्या थंडीतही ३२० च्या आतच राहाल. हा प्रश्न वाळूज-शेंद्र्याच्या मोठ्या शेडचा आहे. तिथे एक पॅनेल कमी केल्याने उन्हाळ्यात व्होल्टेज फार पडेल का, असं विचारतात. सेल ७० अंशांवर असतानाही अठरांचे सहाशेच्या वर व्होल्ट मिळतात. बहुतेक इन्व्हर्टरना तेवढे चालतात, तरी डेटाशीट बघून घ्या.

आणि एकोणीस-एकोणीसच्या दोन स्ट्रिंगसाठी अडतीस पॅनेल आधीच आणली असतील, तर एकात अठरा आणि एकात वीस असं करू नका. वीसची स्ट्रिंग मर्यादा ओलांडतेच, शिवाय एकाच एमपीपीटीला समांतर जोडलेल्या स्ट्रिंग सारख्या लांबीच्या हव्यात. छत्तीस लावा आणि दोन बाजूला ठेवा. पुढेमागे एखादं फुटलं की लागतीलच.