मोरीतून येणारा पूर

सांगलीत पूर दारातूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो न्हाणीघराच्या मोरीतून येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. नदी अशी फुगली की नाल्यांचे पाणी उलटे फिरते, गटारे तुंबतात. जुन्या इमारतीत साऱ्या मजल्यांच्या सांडपाण्याचा उभा पाइप बहुधा एकच. वर कोणी निवांत आंघोळ केली, की ते पाणी मैल्यासकट तळमजल्याच्या मोरीतून वर येते!

पावसाळ्यापूर्वी वर्गणी काढून चेंबर साफ करून घ्यावेत. बाहेर जाणाऱ्या पाइपावर पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप बसवावी. पण झडप मिटली की आपलेही पाणी आतच कोंडते. तेव्हा वरच्यांनी नळ बंद ठेवणे हा साधा शेजारधर्म आहे.

आणि घाई झाली म्हणून चेंबरात माणूस मुळीच उतरवू नये. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. सुरक्षासाधनांविना कोणाला उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी मागवावी. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून धुतलेल्या घराला मी तरी स्वच्छ म्हणणार नाही.